नॅस्कारच्या गाड्यांवरचे अतरंगी प्रायोजक: त्यांच्यापायी तुम्ही कधी काही विकत घेतलंत का?

मेधा_शार्लट

नमस्कार मंडळी,

नॅस्कारवर इथे धागा शोधला, सापडला नाही, म्हणून काढतेय. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या मोटारशर्यती, दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्या 'स्टॉक कार', बहुतेक लंबगोल ट्रॅक, तीन-चार तासांची शर्यत, आणि गाडीचा पत्रा बोटभरसुद्धा मोकळा नाही इतक्या जाहिराती. आम्ही अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला आहोत. बहुतेक टीमची वर्कशॉप्स याच परिसरात, त्यामुळे हा खेळ टाळायचा म्हटलं तरी टळत नाही.

गेल्या शनिवारी मुलाच्या सायकलमध्ये हवा भरायला शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. आजोबा ऐंशीच्या घरातले. भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले, आणि वरच्या फळीवर मधोमध टाइड पावडरचा पुठ्ठ्याचा खोका. नारिंगी रंग उडून फिका पडलेला, एक कोपरा पाणी लागून फुगलेला, झाकण मात्र चिकटपट्टीनं नीट बंद केलेलं. मी विचारलं, "कपडे इथे धुता का?" तर म्हणाले, "ते रिकी क्रेव्हनचं आहे."

मग अर्धा तास आम्ही १६ मार्च २००३ मध्ये होतो. डार्लिंग्टनचा ट्रॅक, शेवटचा लॅप, म्हणजे फेरी. टाइडची ३२ नंबरची पॉन्टियाक घेऊन क्रेव्हन, आणि पॉवर स्टिअरिंग गेलेली गाडी दोन्ही हातांनी ओढत आणणारा कर्ट बुश. दोन्ही गाड्या एकमेकींना घासत, धूर काढत रेषेवर आल्या. क्रेव्हन जिंकला ०.००२ सेकंदांनी. आजोबांनी दोन्ही पंजे एकमेकांवर घासून दाखवले, तेव्हा हात थरथरत होते.

तर प्रश्न असा. साबण, कॉर्नफ्लेक्स, औषधाच्या गोळ्या, कुत्र्याचं चित्र... असे प्रायोजक बघून चाहता म्हणून तुम्हाला काय वाटतं? आणि खरं सांगा, गाडीवर नाव पाहिलं म्हणून ती वस्तू कधी घरी आणलीत का? मला स्वतःला हे सगळं फार आवडतं. महागड्या घड्याळाच्या जाहिरातीपेक्षा साबणाचा खोका माझ्या जवळचा आहे.

लिंबूटिंबू

वाचतोय. नॅस्कारमधलं ओ की ठो कळत नाही, पण खोक्याची गोष्ट आवडली.

गॅसकेट

मेधाताई, मस्त धागा. आधी थोडं गणित सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

नॅस्कारमध्ये बक्षिसाच्या आणि टीव्हीच्या पैशांवर टीमचं भागत नाही, मोठा वाटा प्रायोजकाचा. बॉनेटवरचं नाव सगळ्यात मोठं, मग मागच्या चाकांच्या वरचा पत्रा. डिकीच्या मागच्या उभ्या भागाला 'टीव्ही पॅनेल' म्हणतात, कारण मागून येणाऱ्या गाडीतल्या कॅमेऱ्याला तोच भाग सतत दिसत राहतो. पुढच्या चाकाजवळ जे बारीक बारीक स्टिकर असतात त्या कंपन्या वेगळी बक्षिसं देतात, आणि ती हवी असतील तर स्टिकर लावावाच लागतो.

पूर्वी एक प्रायोजक अख्खा मोसम, कधीकधी दहा-दहा वर्षं टिकायचा. आता बऱ्याच गाड्या दर आठवड्याला रंग बदलतात. रंग मारायचा नसतो, विनाइलचा पातळ रॅप चढवायचा. त्यामुळे ज्या कंपनीला पूर्ण मोसम झेपत नाही ती एका शर्यतीपुरती येते. अतरंगी नावं येतात ती या दारातून, आणि बहुतेक वेळा लहान टीमकडेच.

जिंकलेला ड्रायव्हर गाडीतून उतरल्यावर कंपन्यांची नावं घडाघडा म्हणतो, ते नवख्या माणसाला पाठांतर वाटतं. पण त्यातलं एक नाव गळालं तर पुढच्या वर्षी वर्कशॉपमधल्या कुणाची तरी नोकरी जाते, हे त्याला ठाऊक असतं.

कोल्हापुरी_थ्रॉटल

गॅसकेट भाऊ, हे आमच्याकडं जत्रेच्या कुस्त्यांत हुबेहूब असतंय की. हलगी थांबवून निवेदक आधी इनाम लावणाऱ्याचं नाव घेतो: अमुक पेढेवाले, तमुक ट्रॅक्टरवाले. मग जोड लागते. लहानपणी आम्हाला पैलवानांच्या आधी पेढेवाल्याचं नाव पाठ झालं होतं. आणि हो, जत्रा सुटली की पेढे त्याच्याकडनंच घ्यायचो. मेधाताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर झालं.

नाना_ठाणे

मी १९८३ ते ८९ नॉर्थ कॅरोलायनात नोकरीला होतो. तेव्हा आमच्या कारखान्यात सोमवारी सकाळी एकच विषय असायचा. ४ जुलै १९८४ ला रिचर्ड पेटीनं डेटोनाला दोनशेवी शर्यत जिंकली, राष्ट्राध्यक्ष रेगन तिथे हजर होते. त्या दिवशीचा कारखान्यातल्या लोकांचा आनंद मला अजून आठवतो. पुढे तो दोनशेवरच राहिला, पण नॅस्कारच्या सर्वांत वरच्या मालिकेत, कपमध्ये, दोनशेच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही.

पेटीच्या गाडीचा रंग ही सुद्धा प्रायोजकाचीच गोष्ट. १९७२ साली इंजिनात घालायच्या तेलाचं मिश्रण विकणारी एसटीपी कंपनी त्याच्याकडे आली. त्यांना गाडी पूर्ण लाल हवी होती. पेटीच्या घराण्याची गाडी आकाशी निळी, तो निळा रंग सोडायला तयार नव्हता. खूप घासाघीस झाली आणि शेवटी अर्धी निळी, अर्धी लाल गाडी ठरली. आज ती जोडी नॅस्कारची ओळख आहे. आणि एक गोष्ट तर मला फारच मोठी वाटते: आईच्या इच्छेखातर पेटी कुटुंबानं दारूच्या कंपनीचा पैसा गाडीवर घेतला नाही. बिअरवाले मागे लागलेले असताना नाही म्हणणं सोपं नव्हतं.

विकत काय घेतलं? एसटीपीच्या बाटल्या. माझ्या जुन्या फोर्डला त्यानं काही फरक पडला का, ते सांगता येणार नाही. पण घालायचो.

रश्मी_पी

नाना, पेटींबद्दल आदर आहेच. पण त्याच काळात अख्ख्या मालिकेचं नाव सिगारेटचं होतं, ते विसरून कसं चालेल? १९७१ ते २००३, तेहेतीस मोसम 'विन्स्टन कप'. हॅरी गँटच्या हिरव्या-पांढऱ्या गाडीवर तर स्कोल, म्हणजे ओठात धरायची तंबाखू. लोक त्या रंगाच्या टोप्या घालून मुलांना घेऊन यायचे.

माझे बाबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. आयुष्यभर तंबाखू-चुना. त्यामुळे 'काय मजेशीर प्रायोजक' म्हणून मला तिथे हसता येत नाही. रंग लहान मुलांच्या मनात बसतात, हेच तर या धाग्यात सगळे सांगताहेत.

नाना_ठाणे

रश्मी, तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते कसं झालं तेवढं सांगतो, समर्थन म्हणून नाही. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. कंपन्यांकडे जाहिरातीचा पैसा पडून. ज्युनियर जॉन्सन, जो पूर्वी डोंगराळ भागात चोरटी दारू गाडीतून पोचवायचा आणि पुढे मोठा टीममालक झाला, तो आपल्या एका गाडीसाठी पैसे मागायला आर. जे. रेनॉल्ड्सकडे गेला. त्यांच्याकडची रक्कम एका गाडीत मावणारी नव्हती. त्यानं त्यांना थेट नॅस्कारच्या बिल फ्रान्सकडे पाठवलं. तिथून पुढे ट्रॅकच्या भिंती लाल-पांढऱ्या झाल्या, बक्षिसं वाढली, खेळ देशभर गेला. कायद्यानं ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच घरात खिडकीतून आत आले. हा पैसा नसता तर खेळ एवढा वाढला नसता, आणि त्या पैशानं किती घरं रडली तेही खरं.

गॅसकेट

रश्मीताई, अनुमोदन. गँट ड्रायव्हर म्हणून फार मोठा. सप्टेंबर १९९१ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी ओळीनं चार शर्यती जिंकला. पण त्याचा फोटो शोधला की तंबाखूचं नाव आधी दिसतं. याचं वाईट वाटतं.

शिबा_सातारकर

मेधाताईंनी कुत्र्याचा उल्लेख केला आणि मला राहवेना. त्या कुत्र्याच्या पायाचं एक नख माझ्या पैशाचं आहे!

२०१४. मी टेक्सासमध्ये एमएस करत होतो. खोलीत तिघं, महिनाअखेरीला फ्रिजमध्ये दही आणि अंडी. डोजकॉइन हे आभासी चलन काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २०१३ मध्ये, बिली मार्कस आणि जॅक्सन पामर या दोघांनी गमतीत काढलं होतं. त्यावर शिबा इनु जातीच्या कुत्र्याचं तोंड. तेव्हा एका सेंटमध्ये बारा-तेरा डोज यायचे. रेडिटवरच्या डोजवाल्यांनी त्या जानेवारीत जमैकाच्या बॉबस्लेड संघाला सोची ऑलिंपिकला जायला पैसे जमवून दिले होते, त्यामुळे सगळे उत्साहात होते.

तेवढ्यात कुणीतरी लिहिलं की जॉश वाइज नावाचा ड्रायव्हर आहे, ९८ नंबर, फिल पार्सन्सची टीम, गाडीवर प्रायोजकच नाही. ही टीम आधी 'स्टार्ट अँड पार्क' करायची: शर्यत सुरू करायची, थोडे लॅप मारायचे आणि गाडी बाजूला घ्यायची. टायरचा, इंजिनचा खर्च वाचतो आणि तळाच्या नंबरचं बक्षीस मिळतं. यातच हा माणूस जीव तोडून चालवत होता. जमा झाले ६ कोटी ७८ लाख डोज, म्हणजे साधारण ५५ हजार डॉलर. माझे त्यात पाच हजार डोज, चारेक डॉलर. त्या आठवड्यात मी बाहेर एक कॉफी प्यायलो नाही, एवढाच त्याग.

४ मे २०१४, टॅलाडेगा. आम्ही तिघं आणि शेजारचे दोन तेलुगू मित्र लॅपटॉपभोवती. बॉनेटवर कुत्रा! निवेदक गंभीर आवाजात देशाला समजावून सांगताहेत की हे काय चलन आहे. आमच्यातल्या कुणाला त्या दिवसाआधी ड्राफ्टिंग (पुढच्या गाडीला चिकटून पळून हवेचा अडथळा चुकवणं) म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शर्यत संपेपर्यंत घसा बसला. वाइज विसावा आला. विसावा! आम्ही विश्वचषक जिंकल्यासारखे नाचलो.

दोन आठवड्यांनी ऑल-स्टार शर्यत होती. तिथे एक जागा चाहत्यांच्या मतावर मिळते. सगळ्यांना वाटत होतं डॅनिका पॅट्रिक जिंकणार, ती तर घराघरात माहीत. निवडून आला जॉश वाइज. मी रोज मत देत होतो, आईलाही साताऱ्याहून द्यायला लावलं.

मेधा_शार्लट

ती ऑल-स्टार इथेच, शार्लटलाच झाली होती! वाइज पंधरावा आला. मी तेव्हा नॅस्कार बघत नव्हते, आता वाईट वाटतंय. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

अनामिक_पुणेकर

माफ करा, पण मला हे पटत नाही. खेळ आहे की थट्टा? एका पिढीनं हाडं मोडून घेतली आहेत त्या ट्रॅकवर. डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या लॅपला गेला. त्याच खेळात पुढे कुणी इंटरनेटवरचा विनोद बॉनेटवर चिकटवतो. त्याची, गुडरेंच प्रायोजक असलेली काळी ३ नंबरची गाडी बघितली की माणूस उठून उभा राहायचा. दर आठवड्याला कपडे बदलणाऱ्या गाडीसाठी कोण उभं राहील? प्रायोजकालाही एक आब असावा.

शिबा_सातारकर

काका, राग मानू नका, पण तो विनोद नसता तर ती गाडी पुन्हा कोरीच पळाली असती. एका कोऱ्या गाडीचा आब कुणी राखला असता?

बॅलन्सशीट

पुणेकर काकांच्या 'आब' या शब्दावर लिहायचंय. मी लेखापरीक्षणात आहे, त्यामुळे माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकतो: पैसे खरे आहेत का?

डीसी सोलर. नाव चांगलं, विषय सौरऊर्जा, चकाचक निळा लोगो. चाकांवरचे सौर जनरेटर बनवतो म्हणायचे. २०१८ मध्ये चिप गनासीच्या टीमची एक्सफिनिटीमधली (कपच्या खालच्या पायरीची मालिका) ४२ नंबरची गाडी त्यांची. सप्टेंबरात लास व्हेगासच्या शर्यतीचं नावच 'डीसी सोलर ३००', आणि ती जिंकली डीसी सोलरच्याच गाडीनं, चालवणारा रॉस चॅस्टेन. हा फ्लोरिडातल्या कलिंगडवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, आठवी पिढी शेतीत. वर्षानुवर्षं दुबळ्या गाड्या चालवून त्याला पहिल्यांदा चांगली गाडी मिळाली होती. पुढचा मोसम पूर्ण त्याचाच ठरला होता.

डिसेंबर २०१८ मध्ये एफबीआयनं कंपनीवर छापा टाकला. करसवलतीच्या नावानं गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन जुन्यांना नव्यांच्या पैशातून द्यायचे, असा सगळा मामला. सतरा हजारांच्या आसपास जनरेटर बनवल्याचा दावा, त्यातले निम्मे तरी अस्तित्वातच नव्हते. घोटाळा सुमारे एक अब्ज डॉलरचा. वॉरन बफे यांच्या बर्कशर हॅथवेचेही पैसे अडकले. मालकाला २०२१ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. गाडी बंद पडली, चॅस्टेन रस्त्यावर.

आता सांगा, आब कुणाचा? कुत्र्यानं पैसे रोख दिले होते. ज्यांनी कोट-टाय घातला होता त्यांनी एका होतकरू पोराचं वर्ष बुडवलं. मी प्रायोजकाचं नाव विचित्र आहे का ते बघत नाही. चेक वटतो का, आणि वस्तू खरी आहे का, एवढंच बघते.

कोल्हापुरी_थ्रॉटल

त्या कलिंगडवाल्याचं पुढं काय झालं ते सांगा की! अर्धवट सोडू नका.

बॅलन्सशीट

सांगते. २०१९ मध्ये तिसऱ्या पायरीच्या ट्रक मालिकेत शर्यती जिंकल्या, २०२२ मध्ये कपमध्ये ट्रॅकहाउस टीमकडून पहिली शर्यत जिंकला. प्रत्येक विजयानंतर गाडीच्या छपरावर उभा राहतो आणि कलिंगड जमिनीवर आपटून फोडतो. कलिंगड उत्पादकांचं नाव त्याच्या गाडीवर अनेकदा असतं, आणि तो स्वतः खरंच शेतात राबलेला असल्यानं ती जाहिरात वाटतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मार्टिन्सव्हिलला शेवटच्या वळणावर गिअर पाचवा, पाय ॲक्सिलरेटरवर दाबलेला, गाडी सरळ भिंतीला टेकवून पाच गाड्या मागे टाकल्या आणि अंतिम फेरीत गेला. त्या खेळीला चाहत्यांनी नाव दिलं तेही कलिंगडावरूनच.

विकत घेतलं का? हो. अमेरिकेत होते तेव्हा उन्हाळाभर कलिंगडं.

लिंबूटिंबू

तो भिंतीचा व्हिडिओ आत्ता पाहिला. चार वेळा पाहिला. मी आता नॅस्कार बघणार.

डॉ_संजीवनी

थोडं अवघड विषयावर. २००१ पासून मार्क मार्टिनच्या ६ नंबरच्या गाडीवर व्हायग्रा होतं. लोकांनी यथेच्छ विनोद केले. मार्टिन म्हणजे शांत, व्यायाम करणारा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ, त्याला ते सगळं ऐकावं लागलं. पण त्या कंपनीनं शर्यतींच्या ठिकाणी पुरुषांसाठी आरोग्य तपासणीचे तंबू लावले होते. एरवी डॉक्टरचं तोंड न बघणारा पुरुष तिथे बाही वर करून रक्तदाब मोजून घेत होता. माझ्याकडे सोलापुरात असे रुग्ण येतात की मूळ तक्रार सांगायला तीन भेटी लागतात, आणि निघतो मधुमेह. एखाद्या आवडत्या खेळाडूच्या छातीवर ते नाव असतं तर पहिल्या भेटीत बोलले असते. मला तो प्रायोजक नॅस्कारच्या इतिहासातला सर्वांत उपयोगी वाटतो.

रश्मी_पी

डॉक्टर, हे आवडलं. असा विचार केला नव्हता.

ओजस८८

२०१९ च्या डेटोना ५०० मधली कोरी लाजॉयची गाडी कुणीच कशी आठवली नाही? ओल्ड स्पाइसनं त्याचाच चेहरा गाडीच्या पुढच्या भागावर छापला होता, दाढीसकट! आरशात मागून एक माणसाचं तोंड ताशी तीनशे किलोमीटरनं अंगावर येतंय, कल्पना करा. माझी भाची तीन वर्षांची होती, टीव्हीसमोरून पळून गेली.

तिसरा_गिअर

मी उशिरा आलो. पुणेकर काकांना 'आब' हवाय ना? मग ॲलन कुलविकीबद्दल सांगतो. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे हा माणूस माझ्यासाठी देवासमान.

विस्कॉन्सिनचा, पोलिश वंशाचा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला. दक्षिणेतल्या त्या खेळात परका. ब्रीफकेस घेऊन पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या टायर-पेट्रोलसाठी थांबतात तिथे, यायचा. टीम स्वतःची, पैसा कमी. नानांनी सांगितलेल्या त्याच ज्युनियर जॉन्सननं त्याला आपल्या टीममध्ये बोलावलं, मोठ्या पगारावर. नाही म्हणाला. आणि त्याला प्रायोजक कोण मिळाला? हूटर्स. तोकड्या कपड्यातल्या पोरी कोंबडीचे पंख वाढतात ते रेस्टॉरंट, ज्याच्या नावातच दुहेरी अर्थ आहे. गाडीवर डोळे वटारलेलं घुबड.

१९९२ चा मोसम. शेवटच्या शर्यतीला, अटलांटात, तो गुणांत मागे होता. फोर्डकडून परवानगी घेऊन त्यानं पुढच्या बंपरवरच्या 'थंडरबर्ड'मधली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढून टाकली, उरलं 'अंडरबर्ड'. शर्यत जिंकला बिल एलियट, जॉन्सनच्याच गाडीत. कुलविकी दुसरा. पण सर्वांत जास्त लॅप आघाडीवर राहणाऱ्याला पाच गुण जास्तीचे मिळायचे, आणि कुलविकीच्या टीमनं पिटमध्ये बसून त्याचा हिशोब मांडला होता. कुलविकी १०३ लॅप आघाडीवर, एलियट १०२. एक लॅप! किताब दहा गुणांनी कुलविकीचा. ते पाच गुण उलट गेले असते तर बरोबरी झाली असती आणि जास्त शर्यती जिंकलेला एलियट विजेता ठरला असता. मग कुलविकीनं उलट्या दिशेनं ट्रॅकला फेरी मारली. त्या दिशेनं गेलं की ड्रायव्हरची खिडकी प्रेक्षकांकडे येते आणि हात हलवता येतो. ही त्याचीच पद्धत, १९८८ च्या पहिल्या विजयापासूनची.

१ एप्रिल १९९३. नॉक्सव्हिलच्या हूटर्समध्ये प्रायोजकासाठी कार्यक्रम करून तो कंपनीच्या छोट्या विमानानं ब्रिस्टलच्या शर्यतीला निघाला. उतरण्याआधी विमान कोसळलं. चौघेही गेले. त्यात हूटर्सच्या अध्यक्षांचा मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी ब्रिस्टलला पाऊस पडत होता. त्याच्या टीमचा ट्रक, घुबड रंगवलेला, पुढच्या जाळीवर काळं पुष्पचक्र लावून ट्रॅकवर आला आणि सावकाश फेऱ्या मारून बाहेर निघून गेला. मी तो व्हिडिओ कॉलेजमध्ये असताना पाहिला. वायपर चालू आहेत आणि सगळे पिटच्या भिंतीपाशी उभे आहेत. त्या घुबडावर मला पुन्हा कधी हसता आलं नाही.

अनामिक_पुणेकर

तिसरा गिअर, हे मला तपशीलात माहीत नव्हतं. व्हिडिओ शोधून पाहिला. घुबडाच्या बाबतीत माझं मत मी मागे घेतो. कुत्र्याच्या बाबतीत अजून नाही.

शिबा_सातारकर

चालेल काका, एवढंही पुष्कळ आहे.

गौरी_न्यूजर्सी

प्रायोजक नाकारल्याचंही उदाहरण आहे. ब्रँडन ब्राउन, वडिलांची छोटी टीम. ऑक्टोबर २०२१ मध्ये टॅलाडेगाला एक्सफिनिटीतली पहिली शर्यत जिंकला. मुलाखत चालू असताना मागचे प्रेक्षक बायडन यांना शिव्या देत होते, वार्ताहरानं ते 'लेट्स गो ब्रँडन' असं सांगितलं आणि त्याचं नाव देशभर राजकीय घोषणा झालं. त्या पोराचा काही संबंध नसताना कंपन्या बिचकायला लागल्या. मग डिसेंबरअखेर त्या घोषणेच्या नावाचंच एक आभासी चलन प्रायोजक म्हणून आलं, आणि जानेवारीत नॅस्कारनं परवानगी नाकारली. आयुष्यातला पहिला विजय आणि त्याचाच असा त्रास! मला फार वाईट वाटलं होतं.

व्यवस्थापक

अमेरिकेचं राजकारण इथेच थांबवूया. बाकी धागा छान चाललाय, चालू द्या.

बॅलन्सशीट

मेधाताईंच्या मूळ प्रश्नाकडे. जाहिरातीनं विक्री होतेच असं नाही. अमेरिकेच्या नॅशनल गार्डनं २०१२ मध्ये नॅस्कारवर २ कोटी ६५ लाख डॉलर खर्च केले, बॉनेटवर नाव होतं डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या, म्हणजे सर्वांत लाडक्या ड्रायव्हरच्या. नॅस्कारमुळे आलो म्हणणारे २४,८०० जण चौकशीला आले, त्यातले पात्र ठरले वीस, भरती झाला एकही नाही. साबण घेणं आणि सैन्यात जाणं यात फरक आहेच म्हणा.

ओजस८८

साबणाचं माहीत नाही, कॉर्नफ्लेक्स मात्र विकले जायचे. टेरी लाबाँटी १९९६ मध्ये केलॉग्जच्या गाडीत विजेता झाला. माझ्या मामाकडे त्याच्या फोटोचा खोका अजून आहे.

नाना_ठाणे

शिबा, मतदानावरून आठवलं. २०१० मध्ये आपला नारायण कार्तिकेयन ट्रक मालिकेत उतरला होता, नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकेत गेलेला पहिला भारतीय. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा. वर्षअखेरीला चाहत्यांच्या मतांनी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. पूर्ण मोसम खेळलासुद्धा नव्हता! इथे ठाण्यात बसून मीही मत दिलं होतं.

मेधा_शार्लट

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी पुन्हा आजोबांकडे गेले, तुमच्या गोष्टी भाषांतर करून सांगितल्या. कुलविकीचं नाव काढल्याबरोबर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. कुत्र्याची गाडी त्यांनी टॅलाडेगाला स्टँडमधून पाहिली होती. अनामिक पुणेकर, त्यांनाही ती तेव्हा आवडली नव्हती. आता आवडते म्हणाले.

मग विचारलं, तुम्ही अजून टाइडच वापरता का? तर नाही. मुलगी ऑनलाइन मागवते ते कुठलंतरी पातळ द्रावण वापरतात, नाव माहीत नाही. डार्लिंग्टनच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, त्यांची बायको दुकानात जाऊन तो खोका घेऊन आली होती. तिला शर्यतींचं वेड नव्हतं, पण आदल्या रात्री हे इतके आनंदात होते की तिनं न सांगता आणला. पावडर तिनं संपवली, रिकामा खोका यांना दिला. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

माझ्या मुलानं विचारलं, आत काय आहे? काही नाही, म्हणाले, उचलून बघ. त्यानं दोन्ही हातांनी खोका खाली घेतला, नाक चिकटपट्टीला लावलं आणि म्हणाला, "आई, वास येतोय अजून."

मे महिन्यात इथल्याच कोका-कोला ६०० शर्यतीला आम्ही त्यांच्याबरोबर जातोय. चार तिकिटं काढली आहेत.

नाना_ठाणे

मेधा, पोराच्या कानांना चांगले हेडफोन घे, कापसाचे बोळे पुरत नाहीत. आणि वरच्या रांगेत बसा, खालून पलीकडचा सरळ भाग दिसत नाही.